मदर करुणांचे माहेरचे नाव

दिघी
२० नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
ठमीचं डोकं तुझ्या पायांवर. वि. वि.

भाऊबीजेला तू आला न्हायस, साडी तेवढी आली. रंग चांगला हाय, पण या वयात एवढी मोठी किनार नेसून मी कुठं मिरवू? पुढल्या वर्षी साडी नको, तूच ये. गुडघ्याचं कारण मला सांगू नको, गुडघे मलाही हायत. इथं सगळी बरी हायत. सुजित बंदरावर कामाला जातो, सूनबाई दिपालीनं तुझ्यासाठी कोळंबीचे सोडे सुकवून ठेवलेत. तळ्याकडं येणारं कोणी मिळालं की पाठवते.

आता खरं कशाला लिहायला बसले ते सांगते. परवा दुपारी जेवण उरकून ओटीवर बसले व्हते, तर आगरदांड्याच्या बोटीतून उतरून दोन सिस्टर आल्या. राखी साड्या नेसलेल्या, एक म्हातारी, एक तरणी. तरणीचं नाव विनिता. गावात विचारत आल्या की ठमा नावाची म्हातारी बाई हाय का कोणी, माहेर तळ्याकडचं. मी म्हटलं मीच ठमा. तर ती विनिता माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. म्हणाली, आजी, तुमची हनुवटी अगदी आमच्या मदरसारखी आहे.

काशीदच्या अलीकडं त्यांचं क्षयाच्या रोग्यांचं घर हाय. आपल्या राहीनं काढलेलं. ते तुला माहीत हाय आणि मलाही. तोंडानं कधी बोललो न्हाय एवढंच. आता त्या शुश्रूषा भगिनी म्हणून साठ-सत्तर जणी झाल्यात, पार डहाणूपर्यंत त्यांची घरं हायत. राहीला सगळ्या मदर करुणा म्हणतात. येत्या वर्षी पन्नास वर्षं पुरी व्हतात म्हणून तिच्यावर पुस्तक काढायचं हाय. पण त्या पोरींना मदरचं माहेरचं नावच ठाऊक न्हाय. गाव न्हाय, आईबाप न्हाय. विचारलं की ती म्हणायची, माझ्या घरच्यांना माझ्यामुळं त्रास नको. आता ती अंथरुणाला खिळलीय, आणि तापात बडबडते, ठमे, दिघीची बोट आली का. मला दिघीला दिली हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. त्यावरून त्या मला शोधत आल्या.

मी सांगितलं, मला बहीण न्हाय. चहा दिला आणि वाटेला लावलं. ती तरणी जाताना माझ्या पाया पडली.

खोटं बोलले त्याचं मला वाईट वाटत न्हाय. आय तीन दिवस दाराकडं डोळे लावून पडली व्हती. तू कार्ड टाकलंस, आणि त्या बाईनं उलटा निरोप धाडला की जमणार न्हाय. सगळ्या जगाची मदर झाली आणि आपल्या आयसाठी तिला जमलं न्हाय. हे मी मरेपर्यंत विसरणार न्हाय. पण ती हनुवटीचं बोलली तेव्हापासून घास उतरत न्हाय. नाव सांगू, का गप बसू? तू थोरला, तू म्हणशील तसं करीन.

मायेत खंड पडू देऊ नको.
तुझी ठमी


तळा
२९ नोव्हेंबर २०२३

चि. गं. भा. ठमाबाई हिस,
दत्तात्रेयाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. अक्षर अजून तसेच, ओळी डोंगर चढतात. चौथीच्या वर्गात मी तुला पाटीवर रेघा आखून द्यायचो, त्या पुसल्या तेव्हापासून तू सरळ काही लिहिले नाहीस. सोड्यांची वाट पाहतो आहे.

इकडे भात झोडून झाले. आपल्या परेशच्या मुलीचे, अमिषाचे, लग्न जमत आले आहे. मुलगा माणगावचा, सरकारी नोकरीत, माणसे चांगली, पण विचारपूस फार करतात. आजोळ कोण, पणजोळ कोण, सगळे वहीत लिहून घेतात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, त्याचा अर्थ तुला कळेल.

त्या सिस्टरना तू जे सांगितलेस ते योग्यच केलेस. राहीने आपली वाट साठ वर्षांपूर्वी निवडली. तिला जे नाव घ्यायचे होते ते तिने घेतले. त्या नावाने ती मोठी झाली, चांगले आहे. तिनेच जर घरचे नाव सांगितले नाही, तर आपण ते का सांगावे? झाले ते झाले. पुन्हा आल्या तर चहा दे, दुसरे काही देऊ नकोस. आणि काशीदला जाण्याचे मनात आणू नकोस. तुझे वय होडीत चढ-उतर करण्याचे नाही.

याविषयी फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, मग परेश ओरडून सांगतो आणि ते सगळ्या वाडीला कळते. लिहायचे ते पत्रातच लिही.

प्रकृतीस जप. थोरल्या भावाविषयी मनात काही आणू नकोस, एवढेच मागणे.
दत्तात्रेय


दिघी
८ डिसेंबर २०२३

ती. दादास,
ठमीचा नमस्कार. वि. वि.

रागावशील. मी जाऊन आले.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मनात आलं, तू नको म्हणतोस ते लग्नासाठी म्हणतोस. अमिषाचं मला कळतं. पण ती बाई मरायला टेकलीय, आणि मला तिला एकदा तोंडावर विचारायचं व्हतं. दिपालीला म्हटलं मुरुडला डोळे दाखवायला जाते. सकाळच्या बोटीनं पलीकडं गेले आणि तिथून एसटीनं.

दादा, तू ते घर बघितलं न्हायस. कौलारू, लांबच्या लांब पडवी, बावीस खाटा. सगळे क्षयाचे. औषध सरकारी येतं, आता बरेही व्हतात लोक. पण बरे झाल्यावर नेणारं कोणी येत न्हाय. कुणाचा मुलगा फोन उचलत न्हाय, कुणाची सून म्हणते घरात लहान पोर हाय. ती विनिता मला सांगत व्हती की मदरनं हे घर काढलंच त्यासाठी. औषध द्यायला दवाखाने हायत, म्हणायची, आपण न्यायला न आलेल्यांसाठी आहोत.

राही एका लहान खोलीत निजली व्हती. मी तिला १९५५ सालानंतर एकदाच बघितली व्हती, मुरुडच्या बाजारात. तेव्हा ती माझ्याकडं येत व्हती आणि मी तोंड फिरवून कापडाच्या दुकानात शिरले. आता बघितली तर एवढीशी. हात म्हणजे काटक्या. पण मी दारात उभी राहिले आणि तिनं ओळखलं. ठमे, जाडी झालीस, म्हणाली. इतक्या वर्षांनी भेटलेली बाई काय बोलली बघ.

सगळ्यांचं विचारलं. तुझं आधी. दादू अजून शाळेत जातो का, म्हणाली. मी म्हटलं, त्र्याऐंशी वर्षांचा झाला, कसली शाळा. हसली. मग म्हणाली, आयला शेवटी फार त्रास झाला का गं? तिथं माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला काय करायचं ते आता. आय गेली तेव्हा का आली न्हायस? कोणते रोगी एवढे मरत व्हते?

दादा, तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाली, जमलं न्हाय गं.

एवढंच. सबब न्हाय, माफी न्हाय. आणखी बसले असते तर रडू आलं असतं आणि तिच्यापुढं मला रडायचं नव्हतं. उठले आणि आले. विनिता फाटकापर्यंत आली, नावाचं विचारत व्हती. मी सांगितलं न्हाय. तू म्हणतोस तेच बरोबर. जमलं न्हाय म्हणते! आयच्या मरणाला!

दोन दिवस ताप व्हता, आता बरी हाय. ठमीवर रागावून बसू नको.
तुझी ठमी


तळा
१६ डिसेंबर २०२३

चि. ठमाबाई हिस,
आशीर्वाद लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही हे पत्र वाचून तू ठरव.

तुझे पत्र मंगळवारी आले. आज शनिवार. चार दिवस मी वही घेऊन बसतो आणि उठतो. सदतीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवले, पण हे कसे लिहावे ते कळत नाही. म्हणून जसे घडले तसे लिहितो.

राही आली होती.

श्रावण होता, १९७९. आईने अन्न सोडले होते. तिने मला जवळ बोलावून सांगितले की राहीला कार्ड टाक, तिला बघितल्याशिवाय माझा जीव जायचा नाही. मी कार्ड टाकले, ते खरे. ते कळल्यावर येसाजी काका संध्याकाळी आले. ते म्हणाले, ती बाटलेली बाई उंबरा ओलांडून आत आली तर भाऊकीतला एकही खांदा तुझ्या आईला मिळणार नाही. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो, घरात दोन पोरी लग्नाच्या. मी काकांना शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वहाळापलीकडे गवत कापत होतो. ती बांधावरून येताना दिसली. राखी साडी, पायात चिखल, बरोबर एक सिस्टर. तळ्याहून आपल्या वाडीपर्यंत चालत आली होती. मी वहाळावरच्या लाकडी साकवावर जाऊन उभा राहिलो. तिने विचारले, दादू, आई कशी आहे? आणि माझ्या तोंडातून गेले, आई काल गेली.

आई तेव्हा जिवंत होती, ठमे. तू तिच्या उशाशी बसली होतीस. साकवापासून आपले घर दिसते. त्यानंतर ती आणखी तीन दिवस होती.

राही साकवाच्या कडेला खाली बसली. रडली नाही. तिने मला एकच विचारले, जाताना तिने माझं नाव घेतलं का? मी म्हणालो, नाही.

का म्हणालो? हो म्हणालो असतो तर ती घराकडे यायला निघाली असती, आईची चूल बघते, ती निजायची ती जागा बघते म्हणाली असती. नाही म्हटल्यावर ती परत जाईल हे मला ठाऊक होते. आणि ती उठली, मला नमस्कार केला, आणि गेली. मी घरी येऊन तुम्हाला सांगितले की तिचा निरोप आला, जमणार नाही. मग तीन दिवस आई तिला हाका मारत होती ते तू ऐकलेस आणि मीही ऐकले. तू राहीला शिव्या देत होतीस आणि मी तुला गप बस म्हणत नव्हतो.

एवढेच नाही. त्याच्या आधीचे तुला माहीत नाही, तू लहान होतीस. राहीच्या खोकल्यात रक्त दिसले तेव्हा सासरच्यांनी तिला आणून आपल्या अंगणात सोडले, बाबांनी मिशनच्या दवाखान्यात पोहोचवले. वर्षाने तिथून पत्र आले की मुलगी पूर्ण बरी झाली, घेऊन जा. बाबांना लिहिता येत नव्हते. त्यांनी मला सांगितले, लिही, घरात जागा नाही. मी सोळा वर्षांचा होतो. मी लिहिले. वळणदार अक्षरात लिहिले. पुढे कुणीतरी सांगितले की ती कपड्यांचे बोचके बांधून तीन महिने रोज दवाखान्याच्या फाटकाशी बसत असे.

आता तू लिहितेस की तिने घरच्यांना त्रास नको म्हणून नाव सांगितले नाही. मला ते खरे वाटत नाही. जे नाव आईने मरताना घेतले नाही असे तिला वाटते, ते ती कुणाला आणि कशाला सांगेल? आणि तू तिला का आली नाहीस म्हणून विचारलेस तेव्हाच मी तुम्हाला काय सांगितले असेल ते तिला उमगले. ते तिने क्षणात सांभाळून घेतले. जमलं नाही म्हणाली. माझेच खोटे तिने आपल्या अंगावर घेतले.

ठमे, तू तिला सांग. आईने तीन दिवस तिचे नाव घेतले हे तिला कळू दे. मला तिच्यासमोर उभे राहण्याचे बळ नाही.
दत्तात्रेय


दिघी
२१ डिसेंबर २०२३

दत्तात्रेय गोविंद शिगवण यांस,

पत्र मिळालं. मी सांगणार न्हाय. तुम्ही केलंत, तुम्ही येऊन सांगा.

आय मेल्यापासून मी माझ्या बहिणीला रोज शिव्या दिल्या. माझ्या पोरांना सांगितलं, तुमची एक मावशी व्हती, ती दगड व्हती. मुरुडच्या बाजारात ती मला भेटायला येत व्हती आणि मी पाठ फिरवली. ते सगळं माझ्याकडून तुम्ही करवलंत. सोडे खात बसला असाल.

विनिताचा फोन आला व्हता. राहीच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात फार दिवस न्हायत. बोट सकाळी असते, दुपारी असते. बळ न्हाय म्हणू नका. तिला तळ्यापासून चालत यायचं बळ व्हतं.

ठमाबाई


तळा
२७ डिसेंबर २०२३

चि. ठमाबाई हिस,
नमस्कार माझाच घे.

तू म्हणतेस ते मला मान्य आहे. मीच सांगायला हवे. मी येतो.

येत्या तीन तारखेलाच निघणार होतो. पण माणगावची मंडळी रविवारी आली आणि साखरपुडा सात जानेवारीचा ठरला. घरात थोरला मी एकटा, परेश म्हणतो बाबा तुम्ही नसाल तर ते काय समजतील. आणि आता या वेळी मी काशीदला कोणाकडे जातो आहे हे सांगितले तर घरात काय होईल याची तुला कल्पना आहे. सात तारीख पार पडू दे. नऊ तारखेला, मंगळवारी, मी पहिल्या एसटीने म्हसळ्याला येतो, तिथून दिघी, आणि दुपारच्या बोटीने आपण दोघे जाऊ. परेशला मी तेव्हा सांगेन. आठवडाभराचा प्रश्न आहे. चव्वेचाळीस वर्षे थांबलो, आठ दिवस आणखी.

तिला म्हणावे दादू येतो आहे. एवढे तरी सांग.

तुझा राग मला हवा आहे, तो कमी करू नकोस. फक्त पत्र बंद करू नकोस.
दत्तात्रेय


काशीद
८ जानेवारी २०२४

दादा,

हे पत्र टपालात टाकत न्हाय. उद्या तू येशील तेव्हा विनिता तुझ्या हातात देईल. मी दुपारच्या बोटीनं दिघीला जाते हाय, कारण उद्या मला तुझं तोंड बघायचं न्हाय.

राही काल गेली. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला. मी नंबर दिला, विनितानं परेशला फोन केला व्हता. तो म्हणाला घरात कार्य हाय, बाबांना नंतर सांगतो. त्याला काय माहीत कोण गेलं. त्याला तू कधी सांगितलंस? आज सकाळी तिला मातीत ठेवली. फार माणसं व्हती. बरे होऊन गेलेले लोक कुठून कुठून आले, रोह्याहून एक टेम्पो भरून आला व्हता. घरचं म्हणून मी एकटी.

मी सांगणार न्हाय म्हटलं व्हतं. तुझं आठ दिवस थांबायचं पत्र आलं आणि मला कळलं की तू वेळेवर येणार न्हायस. म्हणून शुक्रवारी आले आणि सांगितलं. सगळं. साकवावरचं, येसाजी काकाचं, आणि आय तीन दिवस जिवंत व्हती ते.

तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, तीन दिवस? मी म्हटलं, व्हय, तीन दिवस. म्हणाली, नाव घ्यायची? मी म्हटलं, हाका मारायची. तर म्हणाली, कशी मारायची, तशी मार.

दादा, मी मारली. राहे, ए राहे, ये गं, दार उघडं हाय. अशी आय म्हणायची. पडवीतले रोगी उठून दाराशी आले. मला लाज वाटली न्हाय, मी मारत राहिले. ती म्हणाली, ओ. लहानपणी परसात असली की द्यायची तशी, ओ आले, म्हणाली. आणि मग दादा ती जी रडायला लागली. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, छातीत पाणी, श्वास पुरेना, आणि ती पोरीसारखी रडत व्हती. विनितानं मला बाहेर घालवलं न्हाय. तिथंच भिंतीला टेकून तीपण रडत व्हती.

संध्याकाळी तिनं विनिताला वही आणायला सांगितली. स्वतः सांगितलं, राही गोविंद शिगवण, आईचं नाव काशीबाई, तालुका तळा. विनितानं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली. तीनदा वाचायला लावलं.

तुझं मी विचारलं. न विचारून कशी राहू, तू माझा भाऊ हायस. म्हटलं, दादा मंगळवारी येतोय, त्याला माफ करशील का. इथले सगळे म्हणतात मदरनं कुणावर राग धरला न्हाय. पण तिनं मला काय सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहिते. म्हणाली, मी दादूसाठी रोज प्रार्थना केली, एक दिवस चुकवला न्हाय, कारण मला वाटायचं त्यानं मला घरात घेतलं न्हाय एवढंच. आता हे कळल्यावर आज न्हाय जमणार. तो येऊ दे. समोर बसू दे. मग बघू.

मग शनिवारी दोनदा विचारलं, मंगळवार कधी हाय.

मी तुला यापेक्षा जास्त काही देऊ शकत न्हाय. असतं तर दिलं असतं.

ठमी


काशीद
१८ मार्च २०२४

चि. ठमाबाई हिस,
आशीर्वाद. तुझे उत्तर येत नाही तरी मी लिहितो.

मी इथेच आहे. तुला सुजितकडून कळले असेल. नऊ जानेवारीला आलो तो तुझे पत्र वाचून मातीपाशी बसलो. ओली होती, वर झेंडूचे हार. मी तिला सांगायला आलो होतो आणि तिला ते आधीच ठाऊक होते. माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. ‘मग बघू’ म्हणाली होती ना. आता कोण बघणार? मी सिस्टर विनितांना विचारले की तुमच्यात पापाची कबुली देतात, ती मला देता येईल का. त्या म्हणाल्या, आजोबा, ज्यांना द्यायची होती त्या गेल्या. मुद्दाम लावून बोलल्या नाहीत, पण बोलल्या. मला बरे वाटले. एवढ्या वर्षांत कुणीतरी माझ्याशी खरे बोलले.

पुस्तकासाठी मी माझ्या हाताने सगळे लिहून दिले आहे. दवाखान्याला लिहिलेले पत्र आणि साकव, दोन्ही. त्यांच्या वरच्या सिस्टरना ते नको होते. पन्नास वर्षांच्या आनंदाच्या पुस्तकात हे कशाला, म्हणाल्या. विनितांनी त्यांना सांगितले की हे घर का निघाले ते यात आहे. शेवटी ठेवले. खाली माझे नाव आहे.

अमिषाचे लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखात आहे. मी माणगावला जाऊन मुलाच्या वडिलांना स्वतः सांगितले की माझी बहीण ख्रिस्ती होती, सिस्टर होती. ते म्हणाले, अहो त्यात काय, आमच्या मुलीची बाळंतपणे सिस्टरांच्याच दवाखान्यात झाली. भाऊकीत सांगितले. येसाजी काकांचा नातू म्हणाला, हो का, आम्हाला माहीतच नव्हते. ठमे, कुणालाच काही वाटले नाही. ज्यांच्या भीतीने मी आईच्या आणि राहीच्या मध्ये उभा राहिलो, त्यांतले निम्मे मेले आणि उरलेल्यांना आठवतही नाही. हे सोसणे सगळ्यात कठीण जाते.

परेश न्यायला आला होता. मी त्याला म्हटले, राहू दे थोडे दिवस. इथे माझा उपयोग होतो. बरे झालेले लोक आहेत अकरा. त्यांच्या घरी मी पत्रे लिहितो. फोन कापता येतो, पत्र कुणीतरी उघडतेच. आपला माणूस बरा आहे, त्याच्यापासून कुणाला काही होणार नाही, तो तुमची आठवण काढतो, त्याची वाट बघणे कसे असते ते मी रोज बघतो, असे लिहितो. नाव, गाव, तो काय काय बोलतो ते सगळे लिहितो. दोन महिन्यांत चाळीसएक पत्रे झाली. सहा परत आली. तीन जणांनी लिहिले की घरात जागा नाही. ती वाचताना मला माझे अक्षर दिसते.

एक उत्तर चांगले आले. हरेश्वर म्हणून एक आहे, साठीचा, श्रीवर्धनकडचा, सुपारीच्या बागेत काम करायचा. त्याच्या मुलाने, धनेशने, लिहिले आहे की शिमग्याच्या आधी, गुरुवारी येऊन बाबांना घेऊन जातो. हरेश्वरने आजच दाढी केली. अजून तीन दिवस आहेत म्हटले तर ऐकत नाही. मला भीती वाटते. न्यायला येतो म्हणणारी माणसे आठ दिवस पुढे ढकलतात, हे मला ठाऊक आहे.

माझ्यावर लोभ ठेव असे लिहिण्याची हिंमत होत नाही. लिहायची सवय मात्र जात नाही, म्हणून ही ओळ लिहिली आहे.
दत्तात्रेय


दिघी
२३ मार्च २०२४

ती. दादास,

मी अजून तुझ्याशी बोलत न्हाय. ते कधी व्हईल मला माहीत न्हाय, व्हईल का तेही माहीत न्हाय.

गुरुवारी मी दोन्ही बोटी बघितल्या. श्रीवर्धनकडून काशीदला जायला इथूनच पलीकडं जावं लागतं. जाणारे पुष्कळ व्हते. धनेश दिसायला कसा हाय ते तू लिहिलं न्हायस, त्यामुळं मला कळलं न्हाय.

तो मुलगा आला का, ते लगेच कळव.

ठमी